प्रश्न विचारलात ना, मग जरा थांबा की

लेक्चर छान झालं असं आपल्याला वाटतं तेव्हा बहुतेक वेळा आपण छान बोललेलो असतो, एवढंच. मुद्दे ओळीने आले, बोर्ड नीट भरला, पोरं खाली मान घालून लिहून घेत होती, शेवटी "काही शंका?" विचारलं, कोणी हात वर केला नाही, झालं. आता त्या तासाभरात पोरांच्या डोक्यात काय चाललं होतं हे आपल्याला कुठे कळलं? आणि माझं तर ठाम मत आहे की कॉलेजात शिकवणाऱ्याचं निम्मं काम हे शोधून काढण्यातच आहे. म्हणून आज फक्त वर्गात प्रश्न कसा विचारायचा यावरच लिहितेय, पीपीटी आणि ॲप वगैरे नंतर कधीतरी.

"काही शंका?" ने काहीच हाती लागत नाही. ज्याला काहीच कळलेलं नाही त्याला शंका तरी कसली येणार, शंका यायला आधी थोडं कळावं लागतं. त्यापेक्षा असा प्रश्न टाका ज्यात हुशार मुलगासुद्धा चुकू शकेल. फिजिक्समधला एक जुना प्रश्न बघा. जड ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकली, तर ट्रकने कारवर लावलेलं बल जास्त, कारने ट्रकवर लावलेलं जास्त, की दोन्ही सारखी? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणून दाखवणारी पोरं इथे बिनधास्त "ट्रकचं जास्त" म्हणतात, कारण कारचा चुराडा झालेला त्यांना डोळ्यांसमोर दिसतो. खरं तर बलं सारखीच असतात, पण कारचं वस्तुमान कमी म्हणून तिचं त्वरण जास्त, त्यामुळे हाल तिचे होतात. नियम पाठ असणं आणि तो पटलेला असणं यात किती अंतर असतं ते या एका प्रश्नात उघडं पडतं.

हार्वर्डमधले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांच्या वर्गात नेमकं हेच झालं होतं. त्यांनी असल्या साध्या प्रश्नांची टेस्ट दिली तर एका मुलीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी एरवी विचार करते तशी? त्यातूनच त्यांनी 1991 पासून आपली शिकवायची पद्धत बदलली. पद्धत साधी आहे: पर्याय असलेला प्रश्न द्यायचा, मिनिटभर प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, गप्प बसून, मग मत द्यायचं, हात वर करून किंवा ए-बी-सी लिहिलेला कागद धरून, कसंही चालेल. साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर आली तर बाजूच्याशी बोला, त्याला पटवून द्या म्हणायचं आणि परत मत घ्यायचं. 30 च्या खाली असेल तर आपणच परत समजवायचं, 70 च्या वर गेलं तर थोडक्यात खुलासा करून पुढे. यात एकट्याने विचार करायची पायरी अजिबात गाळू नका, नाहीतर जो आधी बोलेल त्याच्या मागे सगळे जातात.

"मुलांनी मुलांना काय शिकवायचं" असं बरेच सहकारी म्हणतात. पण बाजूचा मुलगा आत्ताच कुठे अडखळून सुटलेला असतो, नेमकं कुठे अडलं होतं हे त्याला ताजं आठवतं, आपल्याला ते वर्षानुवर्षं शिकवून दिसेनासं होतं. कोलोरॅडो विद्यापीठात जेनेटिक्सच्या वर्गात हे तपासलंय, 2009 साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलं होतं: चर्चेनंतर त्याच कल्पनेवरचा वेगळा प्रश्न एकेकट्याने सोडवायला दिला तर मुलं सुधारलेली दिसली, आणि ज्या गटात सुरुवातीला बहुधा कोणालाच उत्तर येत नव्हतं तिथेही हे झालं.

आता थांबण्याचं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक, त्यांनी 1970 च्या दशकात शाळांच्या वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. ऐकायला सोपं वाटतं पण वर्गासमोर उभं राहून ही शांतता सोसणं फार अवघड, घड्याळ दिसत असतं, सिलॅबस दिसत असतो. मनात हळूहळू पाच अंक म्हणा. आणि उत्तर आल्यावरही लगेच "बरोबर!" म्हणू नका, तिथेही थांबा, तोच मुलगा पुढे स्वतःहून कारण सांगायला लागतो. शेवटच्या बाकावरच्या मुलीला एवढा वेळ हक्काने मिळायलाच हवा, ती मंद नाहीये, ती विचार करतेय.

आठवणीचंही तसंच आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात मुलांना उतारे दिले होते, काहींनी ते परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आणि परत वाचणाऱ्यांना 42 टक्केच आठवत होतं. त्यामुळे तासाच्या सुरुवातीला वह्या बंद, मागच्या वेळचं तीन ओळींत लिहा, मार्क नाहीत. बस एवढंच.

हे सगळं सुरू केलंत की मुलं कुरकुर करणार, ही तयारी ठेवा. "मॅडम तुम्हीच सांगा ना" येणारच. हार्वर्डमध्येच 2019 साली दिसलं की स्वतः डोकं लावायला लागणाऱ्या वर्गात मुलं शिकली जास्त पण त्यांना वाटलं कमी, कारण सफाईदार लेक्चर ऐकताना सगळं कळतंय असं वाटत राहतं. म्हणून सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना हे उघडपणे सांगा, तुम्हाला जड जाईल, का जाईल तेही सांगा. तेवढ्याने त्यांचा विश्वास बराच टिकतो.

वर्ग फार मोठा असेल तर एका तासाला एकच प्रश्न घ्या, पण तो मधोमध घ्या, शेवटी ठेवला की राहूनच जातो. आणि जाताना चिठ्ठीवर "आज काय नीट कळलं नाही" एवढं लिहून मागा, नाव नको. सगळ्या चिठ्ठ्या वाचायची गरज नाही, वरवर चाळून ढीग करा, सगळ्यात मोठ्या ढिगातला मुद्दा पुढच्या तासाला पहिल्यांदा घ्या, आणि "हे तुमच्या चिठ्ठ्यांमधून आलंय" असं आवर्जून म्हणा, म्हणजे पुढच्या वेळी चिठ्ठ्या जास्त खऱ्या येतात.