आमची वाटचाल: नरांची घरे कापणे आम्ही का सोडले

२०११ साली महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला सातेरी या देशी मधमाशीच्या सहा पेट्या मांडून आम्ही मधाचा धंदा सुरू केला. आज ऐंशीच्या आसपास आहेत. बाटल्या, लेबले, कुरियर यांची रडगाणी सगळ्यांचीच असतात, ती सोडून देतो.

पहिली काही वर्षे मी नर माश्यांना आयतोबा समजायचो. चौकटीच्या खालच्या कडेला त्यांची मोठाली, टोपीला बारीक भोक असलेली घरे दिसली की सुरी चालवायची. नव्या राण्याही सगळ्यात जास्त मध देणाऱ्या एकाच पेटीतून तयार करायच्या. मग एका वर्षी थायी सॅकब्रूड हा अळ्या मारणारा विषाणूचा रोग आला. त्याच राण्यांच्या लाडक्या पेट्यांत मेलेल्या अळ्या घरातच पडून राहिल्या. कोणी उचलेना.

राणी हवेतच दहा-वीस नरांशी संग करते आणि ते बीज तिला जन्मभर पुरते, हे मला ऐकून माहीत होते. त्याचा अर्थ तेव्हा लागला. पेटीतल्या हजारो कामकरी माश्यांची आई एक, बाप अनेक. वय वाढेल तशी कामे बदलतात: आधी अळ्यांना भरवायचे, शेवटी रानात जायचे. पण एकाच वयाच्या माश्यांतही कोणी परागाकडे वळते, कोणी मकरंदाकडे, कोणी मेलेल्यांना बाहेर टाकते. त्यात बापाचा वाटा असतो. आमच्या घरी दूध उतू जायच्या आधी आईला कळते, मला शेगडीवर सांडल्यावर. माश्यांचेही तसेच. पेटी जरा तापली की काही लगेच पंखांनी वारा घालू लागतात, बाकीच्या उकाडा वाढल्यावर. सगळ्या एकाच बापाच्या असत्या तर एकदम लागल्या असत्या आणि एकदम थांबल्या असत्या.

अमेरिकेत वॉल्टर रोथेनबुलर यांनी १९६४ साली मेलिफेरा या युरोपीय जातीच्या माश्यांत दाखवले होते की रोगट घराचे टोपण उघडणे आणि आतली अळी ओढून काढणे, या दोन्ही सवयी अनुवंशाने वेगवेगळ्या येतात. नुसते टोपण उघडून सोडून देणाऱ्याही असतात!

आता निवड मधाच्या वजनावर नाही. टोपण घातलेल्या शंभर घरांत टाचणी टोचून आतले पिल्लू मारायचे, दुसऱ्या दिवशी किती साफ झाली ते मोजायचे. चांगल्या चार-पाच पेट्यांतून राण्या तयार करतो आणि त्यांना निरनिराळे नर मिळावेत म्हणून नरांच्या घरांना हात लावत नाही. मध थोडा कमी मिळतो, मिळू दे.

यंदा सात राण्या नरांच्या शोधात उडाल्या. दोन परतल्याच नाहीत. समोरच्या तारेवर माश्या टिपणारे वेडे राघू ओळीने बसले होते.