आधारच्या झेरॉक्सवर आडवं काय लिहायचं?

सोलापुरात कचेरीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधारची प्रत काढून दिली की मी पेन पुढे करते: यावर आडवं लिहा, कुणाला दिली, कशासाठी, तारीख, आणि सही. हमखास विचारतात, "ताई, सरकारवर विश्वास नाही का तुमचा?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आधारवर माझा राग नाही. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत. जन्मभर विड्या वळलेल्या माझ्या सासूबाईंच्या नावानं बँकेत खातं निघालं, तेही याच कार्डावर. त्या दिवशी त्यांनी पासबुक देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

पण दोन वर्षांपूर्वी हिशेबाला पाठकोरे कागद हवे म्हणून रद्दीवाल्याकडून एक गठ्ठा आणला. उलटून बघते तर आधारच्या प्रती. चाळीसेक असतील. त्यातल्या काहींच्या डाव्या कडेला बारीक काळी रेघ होती. ती रेघ माझ्याच मशीनची. ड्रमवर ओरखडा होता तेव्हा प्रत्येक कागदावर यायची. म्हणजे माझ्याच हातून गेलेले कागद फिरून माझ्या टेबलावर आले होते.

लोक कोर्टाचं विचारतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी आधार वैध ठरलं, पण बँक खात्याला आणि सिमकार्डाला त्याची सक्ती नको असंही न्यायालयानं सांगितलं. तरी माझ्याकडे रोज सिमकार्डासाठी प्रती काढायला लोक येतात. मे २०२२ मध्ये आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयानं पत्रक काढलं होतं, की झेरॉक्स सरसकट कुणाला देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार वापरा. मला इतकं बरं वाटलं! दोन दिवसांत ते मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. खरं सांगते, त्या माघारीनं माझा विश्वास जेवढा हलला तेवढा त्या रद्दीनंही हलला नव्हता. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्यातही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय ठेवलीच आहे. आमच्या दहा बोटांचे ठसे घेणाऱ्यानं आमची माहिती कुणी, कधी, कशाला पाहिली ते स्वतःहून सांगावं, एवढंच माझं मागणं आहे. आपलं आधार कुठे कुठे पडताळलं गेलं त्याची यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येते. मागेल त्याला मी ती काढून दाखवते. पण झेरॉक्स कुठे गेली, ते त्या यादीत येत नाही.

त्या गठ्ठ्यात शेजारच्या मावशींची प्रत होती. बाकीच्या फाडल्या, त्यांची तेवढी नेऊन दिली. मावशी कागद हातात धरून आठवत बसल्या. गॅसला दिली होती, बचत गटाला दिली, खोलीच्या भाडेकराराला, नातीच्या शाळेत... "यातली ही कुठली गं?"

प्रतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.