मामीचं संमतीपत्र

नऊ वर्षं इंग्लंडमध्ये काढून मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माझ्याच आजोळी धालोंचा, म्हणजे बायकांच्या पारंपरिक नाच-गाण्यांचा, अभ्यास करायला आले. पौषातली रात्र, शेणाने सारवलेला मांड, म्हणजे धालो खेळायची जागा, समोरासमोर बायकांच्या दोन रांगा. लहानपणी आईच्या पदराआड बसून हेच बघितलं होतं.

विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे मी संमतीपत्र पुढे केलं. मामी म्हणाली, "सही कित्याक गो? तूं आमचीच न्हय?" मला उत्तर सुचेना. ती मला सांगते ते भाची म्हणून. सासरच्या जाचाबद्दल रात्री चुलीपाशी बोलली, त्यातलं एक अक्षरही मी वहीत घेतलेलं नाही. घेणारही नाही.

गाण्यांचं मात्र सगळं लिहून घेते. एका ओळीत कोकणी, पुढचीत मराठी. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी या दोन भाषांवरून गोव्यात घरंच्या घरं दुभंगली होती, म्हणून जपूनच विचारलं, "ही भाषा कुठली?" मामी म्हणाली, "धालोंची." रकान्यात मी तेच लिहिलं.

काल रेकॉर्डर बंद ठेवून रांगेत उभी राहिले. पावलं चुकली, शेजारच्या काकींनी कमरेला घट्ट धरून सांभाळून घेतलं.