सर्किटने माझं मतपरिवर्तन केलं का?

‘एके काळी एवढे कडवे डावे होतात, आणि एका मुन्नाभाईने गांधीवादी झालात?’ चळवळीतली जुनी मंडळी भेटली की हे विचारतातच. गुंडांचे विनोदी सिनेमे मी पुन्हा पुन्हा बघतो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे वर चेष्टेची फोडणीही असते. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मुन्नाभाईच्या बऱ्याच आधी मी लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये ‘द लेडीकिलर्स’ पाहिला होता. १९५५ चा, अलेक्झांडर मॅकेंड्रिकचा. पाच दरोडेखोर संगीताच्या तालमीचं सोंग करून एका म्हातारीच्या घरात जमतात. लूट हाती येते, पण म्हातारीला सुगावा लागतो. मग तिला संपवायचं ठरतं. संपवणार कोण? काड्या ओढतात, आणि काम ज्याच्या गळ्यात पडतं तो काढता पाय घ्यायला बघतो. शेवटी पाचही जण मरतात आणि पैसे राहतात म्हातारीकडे.

सगळे पोट धरून हसत होते. मला नवी पेठेतली आमची खोली दिसत होती.

त्या खोलीत आमचा अभ्यासवर्ग चालायचा. क्रांतीत हिंसा अटळ असते, हे आम्ही अमृततुल्यातला चहा मागवून सिद्ध करत असू. एका वस्तीला पाडापाडीची नोटीस आली तेव्हा ठराव झाला, साहेबाच्या तोंडाला काळं फासायचं. एकमताने. फासणार कोण म्हटल्यावर एकाची परीक्षा निघाली, एकाच्या बहिणीचा साखरपुडा. अखेर दोघे तयार झाले. वंगणाची बाटली घेऊन गेले आणि साहेबाच्या खुर्चीत बसलेल्या कारकुनाला रंगवून आले. तो बिचारा पंख्याखाली दोन मिनिटं टेकला होता. साहेब रजेवर. पुढच्या बैठकीत अहवाल वाचला गेला : ‘कृती यशस्वी.’ मला हसू फुटलं. बाकी कुणी हसलं नाही, उलट माझ्याकडूनच लेखी खुलासा मागवला.

चळवळ मी तेव्हा सोडली नाही. वस्तीचा प्रश्न खरा होता, नोटीस खरी होती. फक्त ‘साध्य चांगलं तर साधन कुठलंही चालेल’ हे वाक्य त्यानंतर माझ्या तोंडून निघेना. ते वंगण खोबरेल लावून लावून कुणीतरी घरी घासून काढलं असणार.

‘लगे रहो मुन्नाभाई’ आला २००६ मध्ये. गांधींच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर, म्हणजे टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतला आपला चिमणराव! कपाळावर आठ्या घालूनच गेलो. त्यात एक प्रसंग आहे. सुरक्षारक्षक मुन्नाच्या थोबाडीत मारतो, मुन्ना दुसरा गाल पुढे करतो, रक्षक त्यावरही मारतो. मग मुन्ना त्याला एक ठेवून देतो. का, तर दुसऱ्या गालावर मारल्यावर काय करायचं हे बापूंनी सांगितलेलंच नाही!

यावर आमचे मित्र म्हणाले, गांधींची चेष्टा केली. मला वाटलं, गांधी नेमके इथेच कळतात. दुबळ्याची अहिंसा ही अहिंसाच नव्हे, हे गांधी स्वतःच बजावत आले. मुन्ना आणि त्याचा साथीदार सर्किट, दोघेही गुंड. त्यांनी हाडं मोडलेली आहेत, एका थपडेची किंमत त्यांना माहीत आहे. म्हणून त्यांनी हात आवरला तर त्याला अर्थ आहे. आम्ही सशस्त्र लढ्यावर तासन्तास बोलत होतो आणि त्या खोलीतल्या एकानेही कधी कुणाच्या कानाखाली वाजवली नव्हती.

बाकी सिनेमातली गांधीगिरी, म्हणजे त्रास देणाऱ्याला फूल देऊन लाजवणं, मला पुरती पटलेली नाही. गुलाबाचं फूल ज्याला लाज आहे त्याच्यावर चालतं. सिनेमातला पेन्शनीचा कारकून लाजला, सगळे लाजत नाहीत.

आता मी कुठल्याच पक्षात नाही. पथारीवाल्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकतो, मोर्चाला जातो, घोषणा देतो, बाटली नेत नाही. जुने सोबती ‘मवाळ’ म्हणतात, आणि पुण्यात ही शिवी गोपाळ कृष्ण गोखल्यांनाही चुकली नाही. दुसऱ्या गालानंतर काय, हे मात्र मलाही अजून सुटलेलं नाही. मध्यंतरी ओळखीच्या एका बाईंची भाजीची गाडी उचलून नेली, तेव्हा माझा हात उठलाच होता. बाईंनीच मनगट धरलं आणि म्हणाल्या, ‘दादा, आधी गाडी सोडवू.’ दंड भरून गाडी सुटली. त्या दंडाची पावती नियमात बसते का, हे विचारणारा अर्ज सध्या अपिलात आहे.