जिलबी, चकली आणि एकत्र कुटुंब

आमच्या घरात साप आला तो मुलाच्या हट्टापायी. आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या अर्व्हिंगला राहतो. नवऱ्याला कुत्र्या-मांजरांच्या केसांचा त्रास, आणि मासे चिरंजीवांना कंटाळवाणे. शेवटी २०२१ च्या उन्हाळ्यात कॉर्न स्नेकचं पिल्लू आलं. बिनविषारी, मूळचा अमेरिकेतलाच साप, पेन्सिलीपेक्षा बारीक. नारिंगी अंग, वेटोळं घालून बसलं की थेट ताटातली जिलबी. नाव तिथेच ठरलं. (भारतात असतो तर हा हट्ट पुरवताच आला नसता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे नाग, धामण, अजगर असे आपले साप घरात पाळता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.)

माझं माहेर इस्लामपूर. बत्तीस शिराळा तिथून जवळच, त्यामुळे सापाची भीती अशी कधी नव्हती. नागपंचमीला आई पाटावर गंधाने नाग, नागीण आणि त्यांची पिल्लं काढायची. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तळायचं नाही. पण त्या पाटामुळे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती: सापांचंही आपल्यासारखंच कुटुंब असतं.

सहा महिन्यांनी आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, एकटंच का ठेवलंयस त्याला? कंटाळत असेल की." दुकानदारही म्हणाला, कॉर्न स्वभावाने गरीब असतात, दोन एकत्र चालतील. झालं, दुसरं पिल्लू आणलं. ते जरा मोठं, तपकिरी. ही चकली. आणलं त्याच संध्याकाळी जिलबीच्या काचपेटीत सोडलं.

पहिला महिना तर नुसतं कौतुक. एकाच लाकडी ढोलीत दोघी एकमेकींवर वेटोळं घालून बसायच्या. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. मावशीने लिहिलं, "दृष्ट काढ गं."

वजन करायची सवय होती म्हणून तरी लक्षात आलं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून मोजायचो (आता तो काटा सापांचाच आहे, कणकेला दुसरा घेतला). चकली ४६ वरून ५५ ग्रॅमवर गेली. जिलबी ४१ वर अडकली, मग ३९, मग ३७. खाणं दोघींचं सारखंच. म्हणजे फ्रीझरमधलं उंदराचं पिल्लू गरम पाण्यात वितळवून, चिमट्याने. त्या फ्रीझरवरून आमच्या शाकाहारी घरात जे रामायण झालं ते इथे सांगत बसत नाही. खवलेला नारळ आणि उंदीर शेजारी राहू शकत नाहीत, एवढं मान्य करून गराजमध्ये छोटा फ्रीझर आला.

पेटीत विष्ठा दिसायची, पण कोणाची ते कसं कळणार? एकदा शौच नीट नव्हतं, आणि आम्ही दोघींकडे आळीपाळीने बघत बसलो.

नवऱ्याचं म्हणणं, जागा कमी पडतेय. मग ४० गॅलनची तीन फूट लांब पेटी आणली. दोन ढोल्या, दोन पाण्याची भांडी, सगळं जोडीने. तरी दोघी त्याच एका ढोलीत. दुसरी ढोली रिकामी. आम्ही म्हटलं, बघा, माया आहे.

मग ती रात्र. खायला वेगवेगळ्या डब्यांत घातलं होतं, अर्ध्या तासाने परत पेटीत सोडलं. जिलबीच्या तोंडाला उंदराचा वास होता, आणि चकलीची भूक बहुधा भागली नव्हती. तिने जिलबीचं डोकंच तोंडात धरलं आणि अंगाभोवती विळखा घातला. मुलगा रडायला लागला. सापाचे दात आत वळलेले असतात, ओढलं तर फाटतं, एवढं वाचलेलं नशिबाने आठवलं. दोघींना तसंच उचलून बेसिनमध्ये गार पाण्याच्या बारीक धारेखाली धरलं. किती वेळ कोण जाणे, मला तासभर वाटला. चकलीने सोडलं. जिलबीच्या डोक्यावर चार लाल ठिपके.

दुसऱ्या दिवशी जिलबीने खाल्लेलं ओकून टाकलं. तो वास अजून नाकात आहे.

सरपटणारे प्राणी बघणारी डॉक्टर पाऊण तासावर. तिने जखम बघायच्या आधी विचारलं, "पेटीत ऊब कुठे आहे?" मी म्हटलं, एका टोकाला, खाली हीट मॅट आहे. "आणि दुसरी ढोली?" ती गार टोकाला. सापाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही, खाल्लेलं पचवायलाही बाहेरून ऊब लागते. उबदार बाजू साधारण ८५ अंश फॅरनहाइट हवी आणि गार बाजू ७५ च्या आसपास, म्हणजे त्याला हवं तसं सरकता येतं. आमच्या घरात एसी ७२ वर. राहण्यासारखी जागा एकच होती, तीवर चकली बसायची आणि जिलबी मिळेल त्या फटीत शिरायची. माया कसली, मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट ती.

मला एकदम गावाकडच्या धामणी आठवल्या. बांधावर दोन धामणी पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक म्हणायचे साप जुगलेत, आणि अंगावर उपरणं टाकायला धावायचे. पुष्कळदा ते दोन नर असतात आणि कुस्ती चाललेली असते.

डॉक्टरने बारीक सळईने तपासून आणखी एक बातमी दिली: जिलबी मादी, चकली नर. मादी पुरेशी वाढायच्या आत अंडी धरली तर ती पोटात अडकून जीव जाऊ शकतो. शिवाय नवा साप आधी दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो, गोचिडीसारखे किडे किंवा पोटाचे जंतू आहेत का ते कळायला. आमच्या दोघांच्या तपासण्या स्वच्छ आल्या. त्यात आमचं काही कर्तृत्व नाही.

सगळेच साप असे नसतात, हेही तिनेच सांगितलं. कॅनडात मॅनिटोबामध्ये नार्सिस गावाजवळ गार्टर साप हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने एकाच बिळात राहतात, आणि गार्टर सापांना ठरावीक सोबती आवडतात असं कॅनडातल्याच संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलंय. ते ऐकून मुलगा लगेच म्हणाला, मग गार्टर आणू. मी गाडी सुरू केली.

त्याच दिवशी चकली जुन्या पेटीत, मोठी पेटी जिलबीची. दुसरी हीट मॅट, दुसरा थर्मोस्टॅट, आणि काचेवर चिकटवायच्या तबकडीऐवजी तारेचा तापमापक. तबकडी तब्बल सात अंश चुकीचं दाखवत होती. जिलबीला दोन आठवडे उपास, मग अगदी छोटं पिल्लू, नेहमीच्या निम्म्याने. पचलं. तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदाच ढोलीबाहेर, उबदार बाजूला लांबलचक पसरलेली दिसली. इतके महिने तिला असं बघितलंच नव्हतं. तीन महिन्यांत ३७ ची ६० ग्रॅम झाली.

चकलीची पेटी पाहुण्यांच्या खोलीत आहे. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. सासूबाई दर उन्हाळ्यात येतात आणि आता हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात.