तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या आरपीजींमधला माझा लाडका

2023 मध्ये 'बाल्डर्स गेट 3' आला आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्यामागे लागलाय. भाचा विचारतो, त्याचे मित्र विचारतात, ऑफिसातली नवी पोरं डबा खाताना विचारतात: जुन्या आरपीजींमधला (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे गेम) तुमचा सगळ्यात आवडता कोणता? त्याला जोडूनच भाच्याचा खवचट पुरवणी प्रश्न असतो, 'पण आत्या, त्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांत एवढं बघण्यासारखं आहे काय?'

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. 'फॉलआउट'. पहिला, 1997 चा. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. पुढे कथांमधली गुपितं फुटणार आहेत. पंचवीस वर्षं उलटून गेलेल्या गेमची गुपितं सांभाळत बसायला मी बांधील नाही.

हा सगळा प्रकार मुळात टेबलाभोवती बसून खेळायचा. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. कागद, पेन्सिल, फासे, चार मित्र आणि गोष्ट चालवणारा एक डंजन मास्टर. तुम्ही म्हणालात, 'मी दार फोडत नाही, पहारेकऱ्याला पैसे चारतो', की हा मास्टर जरा डोकं खाजवणार, पहारेकरी किती खाईल ते जागच्या जागी ठरवणार आणि डाव पुढे नेणार. कॉम्प्युटरवर खेळ आणताना फासे आणि आकडे अलगद आले. अडलं ते मास्टरपाशी. बहुतेकांनी त्याचा नाद सोडून दिला: राक्षस मारा, गुण मिळवा, मोठी तलवार घ्या, मोठा राक्षस मारा. माझ्या यादीत आहेत ते गेम, ज्यांनी या माणसाला मशीनमध्ये बसवायचा हट्ट धरला. खेळणारी बाई इथे काय काय उपद्व्याप करेल याचा कुणीतरी आधीच बसून विचार केलाय, आणि एकेका उपद्व्यापाला उत्तर लिहून ठेवलंय. मला आवडतं ते हे.

रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा 4' 1985 चा. त्यात शेवटी मारायला कुणी खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, वगैरे आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि 'अवतार' व्हायचं, एवढंच काम. ऐकायला मूल्यशिक्षणाचा तास वाटतो, पण गंमत दुकानात आहे. जादूला लागणारी जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि किती नाणी ठेवायची तो आकडा तुम्ही टाइप करता. कमी टाका, ती काही म्हणत नाही. माल मिळतो, पडद्यावर कसलाही इशारा नाही. पुढे कधीतरी राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याकडे जाऊन 'माझा प्रामाणिकपणा कितपत आलाय?' म्हणून विचारलं, की मग कळतं. हिशेब ठेवला जातोय हे न सांगता हिशेब ठेवायची ही हुशारी आजच्या गेमांत हरवलीये. आता तुम्ही काही केलंत की कोपऱ्यात लगेच पाटी झळकते, 'तिला हे आवडलं नाही'. अरे, मग मला ठरवू दे ना, तिला काय वाटलं असेल ते!

आता 'फॉलआउट'. इंटरप्ले या कंपनीत टिम केन नावाच्या प्रोग्रॅमरने सुरुवातीला जवळजवळ एकट्याने त्याचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम, लिहायला घेतलं होतं. मूळ बेत गर्प्स या टेबलावरच्या नियमावलीवर गेम काढायचा होता, तो करार फिसकटला. मग घाईघाईत त्यांनी स्वतःची सात गुणांची पद्धत बसवली: ताकद, निरीक्षण, दम, छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब. अणुयुद्धानंतर अनेक दशकांनी, 2161 साली, कॅलिफोर्नियात व्हॉल्ट 13 या जमिनीखालच्या वस्तीत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप जळते. तुम्हाला बाहेर ढकललं जातं. मुदत 150 दिवस.

या मुदतीवर पुष्कळ लोक चिडतात. मला ती फार आवडते. कारण पाण्याचं संकट आणि वेळ यांचा सौदा गेम खरोखर करू देतो. हब नावाच्या बाजारगावात पाण्याचे व्यापारी आहेत. त्यांना पैसे दिले, की ते तांड्याने तुमच्या वस्तीला पाणी पाठवतात आणि मुदत 100 दिवसांनी वाढते. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पण मूळ आवृत्तीत याची किंमत आहे: तांडे जाऊ-येऊ लागले, की लपलेल्या वस्तीचा माग शत्रूला लवकर लागतो. आणि चिप सापडते नेक्रोपोलिसमध्ये, किरणोत्साराने कातडी झडलेल्या लोकांच्या गावाखाली. त्यांचं पाणीही त्याच चिपवर चालतं. आधी त्यांचा मोडका पंप दुरुस्त करून दिलात तर दोघांचंही भागतं. नुसती चिप उपटून नेलीत तर मुख्य काम 'पूर्ण' झालं म्हणून गेम नोंद करतो, पण त्या लोकांचं पाणी तुटलेलं असतं.

एक प्रसंग जरा जवळून सांगते. शेडी सँड्स गावच्या प्रमुखाची मुलगी टँडी हिला खान नावाची टोळी पळवून नेते. तुम्ही टोळी कापून काढू शकता. टोळीच्या नायकाला, गार्लला, एकट्याने झुंजायला बोलावू शकता. पैसे मोजून मुलगी सोडवू शकता. बोलून पटवू शकता. आणि अंगावर चामड्याचं जाकीट असलं, नशिबाचा आकडा चांगला असला, तर टोळीवाल्यांना तुमच्यात गार्लच्या मेलेल्या बापाचं भूत दिसतं आणि त्यांची गाळण उडते! हा शेवटचा रस्ता बहुसंख्य खेळणाऱ्यांना दिसतही नाही. तरी कुणीतरी बसून तो लिहिला. टेबलावरच्या मास्टरला अशीच सणक येते.

दुसरी गंमत बुद्धीची. पात्र बनवताना बुद्धीचा आकडा चारच्या खाली ठेवलात, तर अख्ख्या गेमभर तुमचं पात्र 'हं', 'अं' च्या पलीकडे जात नाही. समोरचे लोक कीव करतात, वैतागतात, हाकलून देतात. म्हणजे हजारो संवाद लिहिलेल्या माणसांनी एका आकड्यासाठी ते बाजूला ठेवले आणि वेगळे लिहिले.

आणि शेवट. लॉस एंजेलिसच्या भग्नावशेषांत, कॅथेड्रलच्या खाली, 'मास्टर' बसलाय. माणसांना विषाणूच्या हौदात बुडवून सुपर म्युटंट, म्हणजे धिप्पाड, बदललेले जीव करायचं आणि सगळी मानवजातच एका जातीची करून टाकायची, म्हणजे भांडणं संपतील, असा त्याचा बेत. तो वेडा नाहीये, त्याला खरंच वाटतं की तो जग वाचवतोय. त्याला गोळ्या घालता येतातच. पण ब्रदरहुड ऑफ स्टील या जुनं तंत्रज्ञान जपणाऱ्या पंथाच्या ठाण्यात व्री नावाची संशोधक आहे. तिने म्युटंटचं शवविच्छेदन केलंय आणि ही जमात वांझ असल्याचं तिच्या नोंदीत आहे. ती डिस्क घेऊन तुम्ही मास्टरसमोर उभे राहिलात आणि नीट मांडलंत, तर तो ऐकतो. आपल्या हातून काय झालंय ते त्याला उमगतं आणि तो स्वतःच सगळं उडवून द्यायला घेतो. तुम्हाला म्हणतो, वेळ आहे तोवर नीघ. अंतिम खलनायक एका वैद्यकीय अहवालाने हरतो. असं दुसरीकडे मी पाहिलं नाही.

जाता जाता, आपल्याकडचा संबंध. या जगातल्या दोन तोंडांच्या गाईंना 'ब्राह्मिन' म्हणतात. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फॉलआउट 3' एक्सबॉक्सवर भारतात आणायचा नाही असं जाहीर केलं. कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं, तपशील दिला नाही. सगळ्यांनी बोट या गाईकडेच दाखवलं. अमेरिकेत ब्राह्मण नावाची खरीखुरी गुरांची जात आहे, गीरसारख्या आपल्या जातींपासून तयार केलेली, हे त्या गदारोळात कुणाच्या फारसं कानावर गेलं नसावं.

जपानी गेम तुम्हाला आवडत नाहीत का, असंही विचारतात. 'क्रोनो ट्रिगर'साठी मी कुणाशीही भांडेन. 1995 चा. 'फायनल फँटसी'वाला हिरोनोबु साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट'वाला युजी होरिई आणि चित्रांना 'ड्रॅगन बॉल'वाला अकिरा तोरियामा, म्हणजे एरवी एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या मालिकांची माणसं एका गेमवर. सुरुवातीला जत्रा आहे. तुम्ही हिंडता, खेळ खेळता, टेबलावर कुणाचं तरी जेवण ठेवलेलं दिसतं ते गट्टम करता, कारण गेममध्ये दिसलं की उचलायचं हीच आपली शिकवण. एक मुलगी तुमच्यावर आदळते, तिचं लॉकेट पडतं. काही वेळाने तुमच्यावर खटला उभा राहतो आणि साक्षीदार येतात: यानेच माझं जेवण खाल्लं! मुलीची विचारपूस आधी केली की लॉकेट आधी उचललं, तेही निघतं. हरवलेलं मांजर परत दिलं असेल तर ती छोटी पोरगी तुमच्या बाजूने बोलते. खरं सांगायचं तर निकाल कसाही लागला तरी कोठडी चुकत नाही, पुढची कथा तीच. पण इतकी वर्षं बिनदिक्कत लोकांच्या घरात शिरून मडकी फोडणाऱ्या आपल्या जमातीला पहिल्यांदाच कुणीतरी जाब विचारला होता.

'फायनल फँटसी 7' चांगला आहे. संगीत उत्तम, त्यातल्या एअरिथ या मुलीच्या मृत्यूला मीही रडले. पण त्यात मी गोष्ट बघते, मला कुणी बघत नाही. 'डायब्लो' तर मनापासून आवडतो, आरपीजी म्हणून नाही. 'फॉलआउट 2' पहिल्यापेक्षा मोठा आणि जास्त विनोदी, तिथेच त्याचं थोडं बिघडतं.

राहिला 'प्लेनस्केप: टॉर्मेंट', 1999 चा. बरेच जाणकार पहिला क्रमांक यालाच देतात आणि मी का देत नाही यावरून वाद घालतात. तुम्ही शवागारात जागे होता. नाव आठवत नाही, पाठीवर सूचना गोंदलेल्या, शेजारी मॉर्ट नावाची तरंगणारी, आगाऊ कवटी. तुम्ही मरू शकत नाही. मेलात की पुन्हा उठता, म्हणजे 'गेम ओव्हर' हीच गोष्टीची अडचण होऊन बसते. सिगिल शहरात एक गल्ली गरोदर आहे आणि तुम्ही मदत केलीत तर ती बाळंत होऊन नवी गल्ली जन्माला येते. हे मी बनवून सांगत नाहीये.

सोबत डॅक्कॉन नावाचा योद्धा असतो. त्याच्याकडे दगडी चकत्यांचा एक ग्रंथ आहे. चकत्या फिरवल्या की पुढचं वर्तुळ उघडतं, तो तुम्हाला एकेक कथा वाचायला लावतो आणि विचारतो, काय समजलं? ज्ञान आणि बुद्धी पुरेशी असेल तर एका टप्प्यावर विद्यार्थी गुरूच्या पुढे जातो. त्याला न दिसलेला अर्थ तुम्हाला दिसतो. मग कळतं की हा ग्रंथ त्याला तुमच्याच एका जुन्या जन्माने दिला होता, त्याची श्रद्धा परत मिळावी म्हणून नाही, तर त्याला आणि त्याच्या तलवारीला बांधून ठेवण्यासाठी. तलवार न उपसता, टेबलाशी बसून केलेल्या अभ्यासातून इतकं काही घडवणारा गेम विरळा. 2019 चा 'डिस्को एलिझियम' याच घरातला.

मग पहिला क्रमांक का नाही? कारण लढाया रटाळ आहेत आणि शेवटच्या भागात त्याच जास्त आहेत. 'फॉलआउट'मध्ये माझी गोळी आणि माझा शब्द दोन्ही एकाच नियमाने चालतात. 'टॉर्मेंट'मध्ये कादंबरी एकीकडे, मारामारी दुसरीकडे.

1998 चा पहिला 'बाल्डर्स गेट' कॅनडातल्या एडमंटनमध्ये डॉक्टर मंडळींनी काढलेल्या बायोवेअर कंपनीने केला. तो मला सोबत्यांसाठी आवडतो: जाहेरा-खालिद आणि क्झार-माँटारॉन या जोड्या एकाच टोळीत घेतल्यात तर शेवटी एकमेकांच्या जिवावर उठतात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 1999 मध्ये या गेमची संपूर्ण पोलिश आवृत्ती काढली, नामांकित नटांच्या आवाजांसह. ती जोरात खपली आणि तीच कंपनी पुढे 'विचर' करू लागली. एवढा मजकूर मराठीत कुणी आणेल ही आशा मी अजून पूर्ण सोडलेली नाही. आम्ही डिक्शनरी मांडीवर घेऊन खेळलो, तेही लॅमिंग्टन रोडच्या सीडीवर, जिचं अधिकृतपणाशी काही देणंघेणं नव्हतं.

आता यावर हमखास येणारा प्रश्न: सुरुवात कशाने करू? 'फॉलआउट'ने. जीओजी या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर मिळतो आणि आजच्या लॅपटॉपवर चालतो. पहिला तास कंटाळवाणा जाईल, गुहेतले उंदीर मारत बसू नका, सरळ बाहेर पडा. बुद्धी आणि चपळाई चढी ठेवा, बोलण्याचं कौशल्य निवडा. वॉकथ्रू, म्हणजे पावलोपावली काय करायचं ते सांगणारं गाइड, उघडू नका. जंकटाऊनमध्ये एक कुत्रा दार अडवून बसलेला असतो. त्याला खायला घाला किंवा चामड्याचं जाकीट घालून जा, तो तुमच्यामागे येईल. फक्त मारिपोसाच्या लष्करी तळावर त्याला नेऊ नका. तिथल्या विजेच्या पडद्यांतून तो बिनधास्त चालत जातो, आणि बहुतेकांचा कुत्रा तिथेच मरतो.