पोराला बी.कॉम.ला टाकताय? मग आवाज खाली का?

जून-जुलैत माझ्या ऑफिसात रिटर्नच्या कागदांसोबत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरीले कशात टाकू? बी.कॉम. की बीबीए?" बी.कॉम. म्हणताना बोलणाऱ्याचा आवाज जरा खाली जातो आणि बीबीए म्हणताना वर. गांधीबागेत कर सल्लागार म्हणून काम करताना बी.कॉम., बीबीए आणि बीसीसीए या तिन्ही पदव्यांची मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत, अजून जात आहेत. म्हणून जे दरवेळी तोंडी सांगते, ते एकदा नीट लिहून ठेवते.

आधी नागपुरात काय काय आहे ते पाहू. आपलं विद्यापीठ १९२३चं, २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं. वाणिज्य शाखेत त्याच्या कॉलेजांमधून मुख्यतः तीन वाटा फुटतात. बी.कॉम. म्हणजे हिशोबशास्त्र, अर्थशास्त्र, व्यापारी कायदे, कर. बीबीए म्हणजे व्यवस्थापन, मार्केटिंग, मनुष्यबळ, थोडं फायनान्स. आणि तिसरी आपली बीसीसीए. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे नाव सांगितलं की ते हमखास पुन्हा विचारतात. कॉमर्ससोबत प्रोग्रामिंग आणि डेटाबेस शिकवणारी ही पदवी नागपुरात गल्लोगल्ली माहीत आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने यात भर घातली: तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडा किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घ्या. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही आता क्रेडिट मिळतं, आणि हा बदल मला मनापासून आवडला आहे.

बीबीएचं एक वेगळं प्रकरण आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत गेले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. पहिल्याच वर्षी कित्येक घरांना याचा पत्ताच नव्हता. जागा रिकाम्या राहिल्या आणि सरकारला त्याच हंगामात दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. तेव्हा बीबीए मनात असेल तर बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. अर्जाच्या तारखा त्याच्या खूप आधी येतात. बी.कॉम.ला ही भानगड नाही.

आता मुद्द्याचं. कोणती पदवी चांगली, यापेक्षा त्या तीन वर्षांत पोराच्या हाताला हिशोब लागला का, हे मी पाहते. हाताला म्हणजे खरोखरच हाताला.

माझ्याकडे नवीन कोणी आलं की मी मुलाखत घेत नाही. एका कापडवाल्याची महिन्याभराची खरेदीची बिलं आणि त्याच महिन्याचं जीएसटीआर-टूबी समोर ठेवते आणि म्हणते, जुळव. टूबी म्हणजे पुरवठादारांनी सरकारला जे सांगितलं त्याचा आपल्या बाजूने दिसणारा उतारा. पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत आपलं रिटर्न भरलं तर १४ तारखेला त्याचं बिल त्यात दिसतं. मग २० तारखेपर्यंत आपल्याला त्या कराची वजावट घेऊन थ्रीबी, म्हणजे आपलं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं. नाही दिसलं तर वजावट नाही, आणि व्यापाऱ्याचे पैसे अडकले. हे सगळं पुस्तकात आहे. पण टेबलावर बिल क्रमांकात एका ठिकाणी तिरपी रेघ असते, दुसऱ्या ठिकाणी आडवी, आणि कॉम्प्युटर दोन्ही बिलं वेगळी समजतो.

मागे उमरेडकडची एक मुलगी आली. साधं बी.कॉम., मराठी माध्यम, बोलायला लाजरी. तिने रेघांच्या चुका तर काढल्याच, पण एका बिलावर बोट ठेवून थांबली. "मॅडम, हा पार्टीवाला सुरतचा आहे ना? याचा नंबर २४ने सुरू होऊन राहिला. मग आपल्याकडे सीजीएसटी-एसजीएसटी कसं टाकलं?" जीएसटी नंबर राज्याच्या कोडने सुरू होतो: गुजरातचा कोड २४, आपला २७. राज्यातल्या राज्यात माल आला तर कर केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा वाटला जातो, तो सीजीएसटी-एसजीएसटी. राज्याबाहेरून माल आला की आयजीएसटी लागतो. कापडावरचे पाच टक्के आधीच्या माणसाने अडीच-अडीच करून टाकले होते. तिला हे कोणी घोकून घेतलं नव्हतं. कर कोणाच्या तिजोरीत जातो हे तिला कळलं होतं, म्हणून चूक दिसली. मी तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं.

बीबीएची मुलं वाईट असतात असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांचं बोलणं छान असतं, प्रेझेंटेशन नेटकं असतं, गिऱ्हाइकाशी फोनवर ती घाबरत नाहीत, आणि धंद्यात याला मोल आहे. ज्याला घरचं दुकान वाढवायचं आहे, विक्रीत जायचं आहे, पुढे एमबीए करायचं आहे, त्याने खुशाल बीबीए करावं. पण नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद वाचता येत नसेल तर मार्केटिंगचं बजेट मांडणार कशाच्या जोरावर? बीसीसीएची मुलं एक्सेलमध्ये तासाचं काम मिनिटांत करतात, हेही मी रोज पाहते. त्यांच्यातल्या ज्यांनी अकाउंट्सचा पेपर नुसता पास होण्यापुरता केलेला नसतो, त्यांना तर मी हातचं सोडत नाही.

माध्यमाबद्दल एक गोष्ट पालक विचारत नाहीत, ती मीच सांगते. काटोल, रामटेक, कुहीकडून येणाऱ्या मुलामुलींना बी.कॉम.चा पेपर मराठीत लिहिता येतो. किर्द, खतावणी, तेरीज हे शब्द त्यांच्या कानावर घरातूनही पडलेले असतात. हुशार मूल इंग्रजीपायी पहिल्याच वर्षी बिचकून मागे पडताना पाहिलं की फार वाईट वाटतं. आधी विषय आपल्या भाषेत पक्का होऊ द्या, इंग्रजी तीन वर्षांत सोबत येते.

सीए करायचं असेल तर हिशोब आणखी सरळ आहे. बारावीनंतर फाउंडेशन ही पहिली परीक्षा देता येते. ती हुकली तरी कॉमर्सची पदवी किमान ५५ टक्क्यांनी झाली की थेट इंटरमीजिएटला, म्हणजे पुढच्या टप्प्याला, जाता येतं. २०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांवरून दोनवर आली. कॉलेज सकाळचं असलेलं बरं. दुपारनंतर एखाद्या ऑफिसात बसणं ज्याला जमलं, त्याची पदवी दुप्पट कामाची होते. सीएंच्या संस्थेची शाखा धंतोलीत आहे. प्रवेशाआधी मुलाला एकदा तिथे नेऊन आणा.

मला खरी हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. १९४५ पासून नागपुरात जी. एस.सारखं वाणिज्याचं स्वतंत्र कॉलेज आहे, आणि चारही बाजूंनी बाजार आहे. तरी मुलं उदाहरणं परदेशी कंपन्यांची पाठ करतात. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला मुंबईत नाही, इथे सुरू केली. कापूस जवळ, रेल्वे १८६७लाच आलेली, कोळसा वरोऱ्याचा. कारखाना कुठे उभारावा या धड्याला याहून चांगलं उदाहरण कुठलं हवं? त्याच मिलमध्ये १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला. मनुष्यबळ व्यवस्थापन शिकणाऱ्या नागपूरच्या मुलाला हे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं.

आणि कळमन्याची बाजार समिती तर चालतंबोलतं वाणिज्य आहे. शेतकऱ्याच्या हातातली हिशोबपट्टी घेऊन बसा. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम केला. आता मुलांना विचारा, अडत खरेदीदाराने दिली तर भावावर काय परिणाम होईल? शेतकऱ्याच्या हाती खरंच जास्त पडेल का? तासभर वाद होईल आणि अर्थशास्त्राचं अख्खं प्रकरण त्यात येऊन जाईल. संत्र्याच्या हंगामात शिक्षकांनी मुलांना एक सकाळ तिथे न्यावं, एवढं तरी विद्यापीठाने सक्तीचं करावं असं मला फार वाटतं.

प्रवेशाला जाल तेव्हा इमारतीचा एसी पाहू नका. अकाउंट्स कोण शिकवतं आणि ते पूर्णवेळ आहेत का, हे विचारा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक जीव तोडून शिकवतात, पण दर वर्षी माणूस बदलला तर मुलांचं नुकसान होतं. कामाच्या अनुभवासाठी मुलं कुठे पाठवतात, तिथे ती खरंच बसतात की नुसता शिक्का आणतात, हेही विचारा. तुकडी अनुदानित की विनाअनुदानित ते पाहा, फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मागच्या वर्षीची दोन-तीन मुलं गाठून त्यांच्याशी बोला, ती खरं सांगतात.

आणि पहिल्या वर्षाला असलेल्या कोणाला टूबी आणि बिलं जुळवून पाहायची असतील, तर आमच्याकडे गांधीबागेत किंवा इतवारीत कुठल्याही सल्लागाराकडे जाऊन विचारा. फक्त २० तारखेनंतर जा, दुपारी तीनच्या पुढे. त्याआधी आमच्यापैकी कोणाला मान वर करायलाही सवड नसते.